फोटोंची स्क्रॅपबुक करायचीय? मग सगळे फोटो घेऊन बसू नका

डिजिटल स्क्रॅपबुक करायला बसलेली बहुतेक माणसं फोटो निवडण्यातच अडकतात. फोनमध्ये हजारो फोटो, क्लाउडवर आणखी, जुन्या लॅपटॉपवर 'न्यू फोल्डर' नावाच्या फोल्डरात आणखी, आणि आपण ठरवतो की यावेळी एकदाचं सगळं नीट लावून घेऊ आणि मग निवांत अल्बम करू. ते लावून होत नाही आणि अल्बमही होत नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, फोटोंपासून सुरुवात करूच नका, विषयापासून करा आणि विषय इतका छोटा घ्या की त्यात वीस-पंचवीस फोटोंच्या वर काही बसणारच नाही. 'आमचं कुटुंब' हा विषय होत नाही, 'बाबांची स्कूटर' हा होतो. 'मुलीचं बालपण' घ्याल तर वर्षभर अडकाल, 'मुलीने घराच्या भिंतींवर काय काय काढलं' घेतलंत तर दोन रविवारात पान न पान तयार.

खाली मी काही आयडिया देतेय, काहींची कृती सविस्तर आहे, काही नुसत्या सांगून सोडल्यात कारण त्यात समजावण्यासारखं फार काही नाही.

एका वस्तूचं चरित्र

घरातली एक जुनी वस्तू घ्या. शिलाई मशीन, रेडिओ, एखादी ट्रंक, आजोबांचं घड्याळ, काहीही, फक्त ती किमान दोन पिढ्यांनी वापरलेली असावी म्हणजे सांगायला माणसं मिळतात. आधी तिचे आजचे फोटो काढा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून. एक पूर्ण वस्तूचा, बाकी सगळे जवळून, म्हणजे झिजलेली मूठ, खरवडून गेलेलं नाव, दुरुस्त केलेली जागा, खालच्या बाजूचा नंबर. मग जुन्या अल्बममध्ये ती वस्तू शोधा, ती बहुतेक कुणाच्या तरी मागे कोपऱ्यात अर्धवट आलेली सापडेल आणि तेवढा तुकडाच क्रॉप करून घ्यायचा. बिल, गॅरंटी कार्ड, माहितीपुस्तिका असं काही जपलेलं असेल तर तेही स्कॅन करा.

आता खरं काम. घरातल्या तीन-चार जणांना त्या वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारा आणि उत्तर फोनवर रेकॉर्ड करा. 'ही कशी होती?' असं विचारलं तर 'छान होती' एवढंच मिळतं. 'ही बंद पडली की कोण दुरुस्त करायचं?' किंवा 'याला हात लावायला कुणाला मनाई होती?' असं विचारलं की माणसं बोलतात. ही उत्तरं जशीच्या तशी, त्यांच्या बोलीत टाइप करा, शुद्ध करायला जाऊ नका. दहा-बारा पानं सहज होतात आणि एवढी पुरेत.

फोटोच्या मागचं घर

ही माझी सगळ्यात आवडती. जुन्या फोटोत आपण चेहरे बघतो, मागचं कुणी बघत नाही, आणि मागे तर सगळं घर असतं. पडदे, भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचा फोन, तेव्हाचा टीव्ही, दाराशी ओळीने काढून ठेवलेल्या चपला. जुने फोटो मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करा आणि चेहरे सोडून फक्त मागचे तुकडे कापून काढा. असे तीस-चाळीस तुकडे झाले की घरातल्या खोल्यांप्रमाणे पानं लावा, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, गच्ची, आणि हवं तर शेवटी घराचा नकाशा आठवणीतून हाताने काढून स्कॅन करून टाका. दोन भावंडांनी वेगवेगळा काढलेला नकाशा शेजारी शेजारी ठेवलात तर वाद ठरलेला, आणि तो वादही मार्जिनमध्ये लिहून टाका.

इथे स्कॅनिंगचं गणित लागतं. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा नेहमीचा हिशोब. ४ बाय ६ इंचाचा फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, स्कॅन केला तर १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे तो त्याच आकारात चांगला छापून येईल, पण त्यातला एक इंचाचा तुकडा कापून तो पानावर दोन इंचाचा करायचा म्हटलं तर पिक्सेल पुरतच नाहीत. म्हणून तुकडे कापायचे असतील तर ६०० ला, छोटे पासपोर्ट साइज फोटो असतील तर १२०० ला स्कॅन करा. त्यापुढे छापलेल्या फोटोतून जास्त काही निघत नाही, नुसता कागदाचा पोत आणि धूळ मोठी दिसते. निगेटिव्ह किंवा स्लाइड असेल तर गोष्ट वेगळी, ती इतकी लहान असते की २४०० किंवा त्याहून जास्त लागतं, आणि स्कॅनरला निगेटिव्हची सोय पण असावी लागते.

स्कॅनर नसेल तर फोनने काढा, पण फोटो सपाट टेबलावर ठेवा, फोन बरोबर वरून समांतर धरा, आणि उजेड एका बाजूच्या खिडकीचा घ्या, डोक्यावरचा दिवा बंद. चकचकीत फोटोवर चमक येतेच, त्यासाठी गूगलचं फोटोस्कॅन ॲप आहे, ते थोड्या थोड्या वेगळ्या जागांवरून अनेक शॉट घेऊन चमक काढून टाकतं. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढायच्या फंदात पडू नका, निघतात कमी आणि फाटतात जास्त, पान तसंच ठेवून वरचं प्लास्टिक अलगद उचलता आलं तर बघा, नाहीतर प्लास्टिकसकट फोटो काढा. आणि मागची बाजू! सुटा फोटो असेल तर मागची बाजू पण स्कॅन करा, तारीख, स्टुडिओचा शिक्का, कुणीतरी लिहिलेली ओळ, हे सगळं तिथे असतं.

हस्ताक्षर फोटोवर उतरवणं

पत्रं, वहीतला हिशोब, पाककृतीचा कागद, कुणी लिहिलेली यादी. माणूस गेल्यावर फोटो पुष्कळ उरतात, हस्ताक्षर फार थोडं उरतं, त्यामुळे ते आधी स्कॅन करा. ६०० डीपीआय, रंगीत, जरी शाई काळी असली तरी. हा मूळ स्कॅन वेगळा जपायचा, त्याला हात लावायचा नाही, त्याची कॉपी करून पुढचं सगळं.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल ज्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे थर, आहेत. गिंप फुकट आहे, फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटोशॉपच्या फाइल्स पण उघडतं. कॉपी उघडली की लेव्हल्समध्ये, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करायच्या सेटिंगमध्ये, जा. तिथे तीन छोटे त्रिकोण असतात, पांढरा डावीकडे सरकवत न्या जोवर कागद पांढरा होत नाही, काळा थोडा उजवीकडे आणा म्हणजे शाई ठळक होते. पिवळ्या पडलेल्या कागदावर निळी शाई असेल तर एक युक्ती आहे, आधी चॅनेल्समध्ये, म्हणजे जिथे चित्राचा लाल, हिरवा, निळा भाग वेगवेगळा दिसतो तिथे, जाऊन नुसतं रेड चॅनेल बघा, त्यात पिवळा कागद जवळजवळ पांढरा दिसतो आणि निळी शाई काळी, म्हणजे अर्धं काम आपोआप झालं, तेच चॅनेल कॉपी करून वापरा. घडीच्या रेषा पुसायचा मोह होतो, मी तर म्हणेन राहू द्या, घडी हा पत्राचाच भाग आहे.

आता हा लेयर फोटोच्या वर ठेवा आणि ब्लेंड मोड, म्हणजे वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा ती सेटिंग, 'मल्टिप्लाय' करा. पांढरं गायब होतं आणि फक्त अक्षरं फोटोवर उमटतात. आकाश, भिंत, रिकामी जमीन अशा शांत जागेवर अक्षरं ठेवा, गर्दीवर ठेवलीत तर वाचता येणार नाहीत. फोटो गडद असेल तर उलटं करायचं, अक्षरांचा लेयर आधी ब्लॅक अँड व्हाइट करा, मग इन्व्हर्ट, म्हणजे रंग उलटे, आणि मोड 'स्क्रीन', म्हणजे पांढरी अक्षरं येतात. ब्लॅक अँड व्हाइट न करता इन्व्हर्ट केलंत तर निळ्या शाईची अक्षरं पिवळट होतील, तसं मुद्दाम हवं असेल तर गोष्ट वेगळी. सही किंवा एखादी ओळ परत परत वापरायची असेल तर गिंपमध्ये 'कलर टू अल्फा' घेऊन पांढरा रंग काढून टाका आणि पीएनजी म्हणून सेव्ह करा, जेपेगमध्ये पारदर्शकता राहत नाही.

या एका युक्तीवर कितीतरी गोष्टी होतात. आजीच्या अक्षरातली एक ओळ फ्रेममध्ये, आईच्या अक्षरातली यादी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, वडिलांची सही पुस्तकाच्या पहिल्या पानावर.

एका कागदाची आठ पानी पुस्तिका

प्रिंटर घरी असेल किंवा कुठेही एक ए-फोर प्रिंट मिळत असेल तर ही करून बघाच, बाइंडिंग नाही, गोंद नाही, एक चीर आणि घड्या. भेटकार्डाऐवजी द्यायला फार छान.

ए-फोर आडवा, ३०० डीपीआयला ३५०८ बाय २४८० पिक्सेलचं कॅनव्हास घ्या. त्याचे आठ कप्पे पाडा, चार उभे स्तंभ आणि दोन ओळी, म्हणजे प्रत्येक कप्पा ८७७ बाय १२४०. खालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे पान २, ३, ४, ५ सरळ ठेवा. वरच्या ओळीत डावीकडून १, ८, ७, ६, आणि ही चारही पानं १८० अंशात उलटी फिरवलेली. पान १ म्हणजे मुखपृष्ठ, ८ म्हणजे मागचं कव्हर. प्रिंटर कडेला थोडी जागा सोडतोच, म्हणून प्रत्येक कप्प्यात चहूबाजूंनी ६०-७० पिक्सेल मोकळे ठेवा.

छापून आला की आठही कप्प्यांच्या घड्या आधी नीट पाडून परत उघडा. मग मधल्या आडव्या घडीवर कात्रीने चीर द्या, पण फक्त मधल्या दोन स्तंभांपुरती, कडेचे दोन अखंड राहिले पाहिजेत. आता कागद लांबीत मधोमध दुमडा, छापलेली बाजू बाहेर, आणि दोन्ही टोकं धरून आत ढकला, मधली चीर उघडते आणि वरून बघितलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. ते गोल फिरवून मिटलं की पुस्तिका. पहिल्यांदा कोऱ्या कागदावर नुसते आकडे लिहून करून बघा, पानांची उलटसुलट भानगड हातात आल्याशिवाय कळत नाही.

आठ पानांत काय टाकायचं? कव्हर आणि मागचं पान सोडलं तर सहाच पानं उरतात, आणि हाच याचा फायदा. सहा फोटो, सहा ओळी. 'तू झोपेत कशी दिसतेस', 'आपल्या मांजराचे सहा मूड', 'या घरातल्या सहा खिडक्या', घर सोडून जाताना शेवटची आठवण म्हणून तर ही उत्तमच.

बाकीच्या झटपट

एकच जागा, अनेक वर्षं. तोच जिना, तीच पायरी, दरवर्षी त्याच जागी तेच लोक. आधीचा फोटो फोनवर उघडून समोर धरायचा आणि जुळवून घ्यायचं. जुन्या फोटोंमध्ये अशी जागा आपोआप सापडते, बघा, प्रत्येक घरात एक फोटो काढायची ठरलेली जागा असतेच.

लहान मुलांची चित्रं. ढिगाने साठतात, टाकवत नाहीत, ठेवायला जागा नाही. सगळी उजेडात सपाट ठेवून फोटो काढा, कडा कापा, आणि पुस्तक करा, पण चित्राखाली आपण मथळा द्यायचा नाही, मुलाला विचारायचं हे काय आहे आणि तो सांगेल ते शब्दशः लिहायचं, 'हा डायनासोर नाहीये ही मावशी आहे'. तारीख आणि वय टाका. मूळ चित्रांतली मोजकी ठेवा.

हातांचा अल्बम. घरातल्या प्रत्येकाचे हात, काहीतरी करताना. विणताना, टाइप करताना, स्क्रू पिळताना. चेहरा नाही. कॅमेऱ्यासमोर अवघडणाऱ्या माणसांसाठी फारच सोयीचं.

जोड्या लावायचा खेळ. नातेवाइकांचे चेहरे चौकोनात कापून प्रत्येकाची दोन कार्डं छापायची, जाड कागदावर. लांब राहणाऱ्या आत्या-काकांना लहान मुलं यातून ओळखायला लागतात. दुसरा प्रकार म्हणजे जोडीत एक लहानपणचा आणि एक आत्ताचा फोटो, तो मोठ्यांनाही जड जातो.

वार नसलेलं कॅलेंडर. नुसत्या तारखा, वार नाहीत, त्यामुळे ते दरवर्षी चालतं. वाढदिवस आणि महत्त्वाचे दिवस त्यात छापून टाकायचे, महिन्याला एक फोटो. फेब्रुवारीत २९ ठेवायला विसरू नका.

आवाज. बोललेलं रेकॉर्डिंग ऑनलाइन ठेवून त्याचा क्यूआर कोड पानावर छापता येतो. छान कल्पना आहे पण लिंक कायम टिकेल या भरवशावर राहू नका, फाइल आपल्याकडे ठेवा आणि त्यातली मुख्य दोन वाक्यं पानावर अक्षरांत पण छापा. कोड दोन सेंटीमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा सोडा आणि स्क्रीनवरून नाही तर प्रिंटवरून स्कॅन करून बघा.

कॉफीचा मग, उशी, कीचेन हे सगळेच करतात, मी त्याबद्दल फार बोलणार नाही. एवढंच, की उशीवर चेहरा छापून त्यावर डोकं टेकणं मला तरी विचित्र वाटतं, तिथे चेहऱ्याऐवजी मुलाचं चित्र किंवा हस्ताक्षर टाका, कितीतरी बरं दिसतं.

पान मांडताना

सगळ्यात प्रचलित पान १२ बाय १२ इंचाचं, म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. ८ बाय ८ चं केलंत तर २४०० बाय २४००, हे हाताळायला सोपं आणि फोनचे फोटो त्यात आरामात पुरतात. आधी छापणारा कुठला आकार घेतो ते बघा आणि मगच सुरू करा, चौकोनी पानं नंतर आयताकृती करणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

पानावर एक फोटो मोठा, बाकीचे लहान. सगळे एकाच मापाचे ठेवले की नजर कुठेच थांबत नाही. पानभर एकच फोटो आणि एक ओळ, असं पानही मधून मधून येऊ द्या. फ्रेम, फुलं, रिबिनी, फुलपाखरं असलेली रेडीमेड किट्स फुकट मिळतात आणि सुरुवातीला मजा येते, पण थोड्या दिवसांनी सगळ्यांचे अल्बम सारखेच दिसायला लागतात. त्यापेक्षा स्वतःचं किट करा. घरातली भिंत, जुन्या चादरीचं कापड, वहीचं रेघी पान, लाकडी टेबल, पुठ्ठा, यांचे सपाट फोटो काढून ठेवा, हेच बॅकग्राउंड. शर्टाचं बटण, बसचं तिकीट, वाळलेलं पान स्कॅनरवर ठेवून स्कॅन करा, कापून पीएनजी करा. तिकिटं आणि पावत्या थर्मल कागदाच्या असतील तर लगेच स्कॅन करा, ती अक्षरं थोड्याच काळात उडून जातात.

सावली हा डिजिटल पानातला सगळ्यात फसणारा भाग. कागद चिकटवल्यासारखा दिसायला ड्रॉप शॅडो लागते, पण सॉफ्टवेअर जी आपोआप देतं ती बहुतेक वेळा काळीकुट्ट आणि मोठी असते आणि फोटो हवेत तरंगायला लागतात. रंग शुद्ध काळा न घेता गडद तपकिरी घ्या, ओपॅसिटी, म्हणजे सावलीचा दाटपणा, ३०-४० टक्क्यांवर आणा. कागदाची सावली अगदी बारीक, बटणाची थोडी मोठी. आणि पूर्ण पानावर उजेड एकाच बाजूने आला पाहिजे, एका फोटोची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे असली की काय बिघडलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही पण खटकतं.

फोटो ठरावीक आकारात बसवायला क्लिपिंग मास्क शिका, दहा मिनिटांचं काम आहे. खाली आकाराचा लेयर, वर फोटो, मास्क लावला की फोटो फक्त त्या आकारातच दिसतो आणि आत हवा तसा सरकवता येतो, कापाकापी नाही. कॅन्व्हासारख्या ॲपमध्ये हेच 'फ्रेम' म्हणून तयार मिळतं.

कागदी स्क्रॅपबुकवाल्यांचा सगळा वैताग चिकटवण्याचा होता, इतका की अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने १८७३ मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. आपल्याला अनडू आहे. त्याचा फायदा घ्या पण एका पानाला दोन तासांची मर्यादा घाला, नाहीतर अनडू पण संपत नाही.

मराठीत लिहिणार असाल तर फॉन्टचं बघा. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, बालू, कलम, तिरो देवनागरी मराठी हे फुकट आणि युनिकोड आहेत, कलम हाताने लिहिल्यासारखा दिसतो म्हणून मथळ्यांना चालतो, मजकुराला मुक्ता किंवा तिरो. दोन फॉन्ट पुरे. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, ते एकमेकांना धडकतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं सुटी पडत असतील किंवा पहिली वेलांटी भलत्याच जागी जात असेल तर फॉन्टला शिव्या घालू नका, टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा.

आणि लिहायचं काय? फोटोत दिसतंय ते नको. 'आम्ही समुद्रावर', ते दिसतंयच. फोटोत न दिसणारं लिहा, फोटो कुणी काढला, त्याआधी काय चाललं होतं, कोण यायचं राहिलं, तेव्हा पाऊस होता का, शेवटून दुसरी उभी असलेली बाई कोण. पूर्ण नाव आणि नातं एकदा तरी लिहा, 'मावशी' एवढंच लिहिलं तर पुढच्या पिढीला कुणाची मावशी ते कळणार नाही.

जुने फोटो एआयने स्वच्छ करणारी ॲप्स आता भरपूर आहेत. ओरखडे काढायला ठीक, पण अस्पष्ट चेहरा 'शार्प' करताना ते नसलेले तपशील स्वतःच घालतं, आणि मग तो चेहरा आजोबांच्या जवळपासच्या कुणाचा तरी होतो. मी तर अस्पष्टच ठेवते. रंग भरलेला फोटो वापरलात तर शेजारी मूळ पण छापा आणि खाली तसं लिहा.

छापायला देण्याआधी

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो दाबून लहान केलेले असतात, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची राहते, ती ३०० ने भागली तर जेमतेम सव्वापाच इंच. नातेवाइकांकडून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं स्पष्ट सांगा. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फोटोत ४००० बाय ३००० असतात, तो तेरा इंचापर्यंत निवांत जातो.

पानाच्या कडेला ३ मिलिमीटर ब्लीड ठेवा, म्हणजे बॅकग्राउंड तेवढं बाहेर जाऊ द्या कारण कापताना थोडं इकडेतिकडे होतंच. अक्षरं आणि चेहरे कडेपासून एक सेंटीमीटर तरी आत. दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर चेहरा मधल्या घडीत नको, साध्या बाइंडिंगमध्ये तो गिळला जातो, असे फोटो खूप असतील तर लेफ्लॅट बाइंडिंग मागा, ती पानं पूर्ण सपाट उघडतात. कॅनव्हासवर मोठा फोटो करणार असाल तर प्रत्येक बाजूचा चार-पाच सेंटीमीटर भाग लाकडी चौकटीवर वळतो हे धरून फोटो निवडा.

स्क्रीन मागून उजळलेला असतो, कागद नसतो, म्हणून छापील फोटो नेहमी थोडे काळपट येतात. स्क्रीनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणून पानं बघा, आणि तरी काळी वाटली तर उजळवा. कलर प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे ती सेटिंग, छापणाऱ्याने वेगळं काही मागितलं नसेल तर नेहमीचं एसआरजीबी ठेवा. पूर्ण पुस्तक देण्याआधी एक-दोन पानं साध्या फोटोप्रिंटवर काढून बघा, फार खर्च नाही. आणि पीडीएफ घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा, नावं आणि सालं तेच दुरुस्त करतात, छापून आल्यावर दुरुस्त करून काही उपयोग नसतो.

पुस्तक दहा जणांना वाटणार किंवा ऑनलाइन टाकणार असाल तर फोटोतल्या माणसांना आधी विचारा. मूळ फोटोच्या फाइलमध्ये जागेची माहिती लपलेली असू शकते, शेअर करायच्या कॉपीतून ती काढून टाका. जुनी कागदपत्रं स्कॅन करून लावलीत तर त्यावरचे नंबर झाका.

फाइल्स

प्रत्येक पानाच्या दोन फाइल ठेवा, एक लेयरसकट, फोटोशॉपची पीएसडी किंवा गिंपची एक्ससीएफ, आणि एक सपाट जेपेग. पूर्ण पुस्तकाची पीडीएफ वेगळी. नाव देताना तारीख वर्षापासून सुरू करा, आधी वर्ष मग महिना मग दिवस, फाइल्स आपोआप क्रमाने लागतात, तारीख माहीत नसेल तर नुसतं दशक. कोण, कुठे ही माहिती फक्त पानावर न ठेवता फोटोच्या फाइलमध्येही लिहिता येते, डिजिकॅम हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी बरं आहे, मग फोटो कुठेही गेला तरी माहिती त्याच्यासोबत जाते. छापील फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

बॅकअपचा साधा नियम ३-२-१. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, मग ते क्लाउड असो किंवा बहिणीच्या घरी ठेवलेली हार्ड डिस्क. फक्त क्लाउडवर ठेवून मोकळं होऊ नका, पासवर्ड एकट्यालाच माहीत असतो आणि अकाउंट बंद पडलं की सगळंच जातं. हार्ड डिस्क वर्षातून एकदा जोडा आणि नुसती लिस्ट बघू नका, चार-पाच फाइल्स उघडून बघा.